दाबायचं का वढायचं?

...आता विहिरीवरची मोटार चालू करायच्या तीन तऱ्हा निघाल्या, यात माझा काय दोष, तुम्हीच सांगा? पण आमच्या तात्यांचं सकाळपासून एकच, "दाबायचं का वढायचं?" म्हणजे नवा स्टार्टर बटनाचा घ्यायचा की दांडीचा. आमचे तात्या, म्हणजे वडील हंबीरराव, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, त्यांना दांडीच पाहिजे. "बटन बोटानं दाबत्यात. बोटानं हुकूम देत्यात व्हय रं? हुकमाला खांद्यापासनं हात लागतो." आई म्हणते, "आवं, माझं हात पिठात असत्यात, बटन घ्या, कोपरानं दाबीन." तात्या म्हणतात, "सरकारी विजेला कोपर मारती का काय?"

आणि मी? तुम्हाला सांगतो, मला दाबायचंही नव्हतं आणि ओढायचंही नव्हतं, मला सुटायचं होतं... सातवीतून शाळा सोडली तेव्हापासून मोटारीपाशी बसलोय, हौद भरला की बंद, रिकामा झाला की चालू, आणि इकडं कुपवाडच्या आप्पासोंनी, स्टार्टर बनवायचा कारखाना आहे त्यांचा, मला निरोप धाडलेला, "सोमवारपासनं ये गड्या, लेथ मशीन चालवाया शिकवतो." पण तात्यांना हे सांगणार कोण? माझं तर त्यांच्यापुढं खोकायचंही धाडस होत नाही.

गेलो दोघं कुपवाडला. तात्या दारातूनच, "दाबायचं का वढायचं?" आप्पासो हसले. माझ्याकडं बघून डोळा मारला म्हणा ना. "हवालदारसाहेब, ह्याला दाबायचं न्हाई, वढायचं न्हाई. हौदात हा डबा तरंगत सोडायचा. पाणी चढलं की डबा चढतो, मोटार बंद. पाणी उतरलं की आपोआप चालू."

"आन् माणूस?"

"माणूस लागतच न्हाई."

काय सांगू तुम्हाला, मुलगी बघायला नेलं असतं तर मी मान वर केली नसती, पण त्या डब्याकडं असा टक लावून बघत राहिलो की आप्पासोंनाच लाज वाटली. एसटीत आमच्या रहिमतपूरपर्यंत मांडीवर घेऊन आलो त्याला, धक्का लागू दिला नाही.

डबा बसवला. कपड्याची पिशवी तर मी आधीच भरलेली. हौद भरला, डबा चढला आणि मोटार गप्प.

"कुणी बंद केली?"

"आपोआप, तात्या."

"बगैर परवानगी? मी हुकूम दिला न्हाई आन् हिनं ड्युटी सोडली?"

एवढ्यात आईनं पाटाला पाणी सोडलं, हौद उतरला, मोटार घर्रकन सुरू, तात्या दोन पावलं मागं. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "यंत्र लय हुशार हाय. पण नवा रंगरूट हाय. नव्या रंगरुटावर जुना माणूस नेमावा लागतो." आणि माझ्याकडं बघितलं. आईनं माझी पिशवी परत खुंटीला अडकवली.

सोमवार कधीच गेला. पूर्वी मी मोटारीवर लक्ष ठेवायचो, आता मोटारीवर लक्ष ठेवणाऱ्या डब्यावर ठेवतो, आणि तात्या माझ्यावर. दाबायचं नाही, ओढायचं नाही... नुसतं बसायचं.