स्वतःच्याच लग्नात आठ उरलो

...आणि वर मलाच हसतात! अहो, भागाकार बरोबर होता! तुम्हाला सांगतो, एकोणनव्वद साल, मलेशियातलं पिनांग, माझं लग्न, आणि मी कारखान्यातला नवाकोरा प्रोग्रामर... बाबांचं उदबत्त्यांचं दुकान सोडून संगणकाच्या मागे लागलो म्हणून दोन वर्षं ते माझ्याशी धड बोलत नव्हते. जेवणाच्या टेबलांचा विषय निघाला तेव्हा तेवढं म्हणाले, "बोटांवर मोज." मी म्हटलं, छे! यंत्र मोजेल!

माणसं तीनशे अठ्ठेचाळीस, टेबलाला दहा. यंत्र म्हणालं, चौतीस! आता दिलेले दोन्ही आकडे पूर्णांक, तर उत्तरही पूर्णांकच येणार ना? पॉइंट आठचं शेपूट त्यानं सरळ छाटलं! नऊ उरले असते तरी छाटलं असतं! आधी नऊ मिळवून मग भागलं असतं तर पस्तीस आले असते, पण हे सुचलं कधी? हॉलच्या दारात! बरं, छाटले गेले कोण? यादीत मी पाहुणे आधी घातलेले, घरचे शेवटी... म्हणजे बाबा, आई, आत्या, मामा, सासू, सासरे, नवरी आणि मी!

नवरी, आमची बी चू, लाल झग्यात दातओठ खात, "स्वतःच्या लग्नात मी उभी? उभी?"

"अगं, भागाकार बरोबर..."

"गप्प बस!"

शेवटी आचाऱ्यालाच दया आली. स्वयंपाकघरात कोबीची रिकामी खोकी उलटी घालून आम्ही आठ जण बसलो, सासूबाई घुश्शात, माझी मान खाली, आणि बाबा... तुम्हाला सांगतो, बाबा हसायला लागले हो! डोळ्यांत पाणी येईपर्यंत! माशाच्या गालाचा, सगळ्यात मानाचा तुकडा उचलून माझ्या वाडग्यात घातला नि म्हणाले, "सेंग, आता नीट सांग. हे आठ गेले कुठे?"

मी सोया सॉसमध्ये बोट बुडवून खोक्यावर मांडलं. भागाकार वेगळा, बाकी वेगळी, यंत्राला दोन्ही निरनिराळी विचारावी लागतात...

"म्हणजे बाकी ते देत होतं? तूच मागितली नाहीस?"

"भागाकार बरोबर होता, बाबा..."

"खा आधी!" म्हणाले, आणि मग पुढचा तासभर विचारतच राहिले. आणखी काय काय येतं तुझ्या यंत्राला? चुकलं की कळतं का त्याला? दोन वर्षांचं बोलणं एका जेवणात!

बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. परवा लेकीचं लग्न झालं. टेबलं चोख, प्रत्येकाला खुर्ची, माझ्या नावाची चिठ्ठीसुद्धा! हळूच उठलो, कुठे कोबीची खोकी दिसतात का म्हणून स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावलो... तर आचारी म्हणतो,

"अंकल, टॉयलेट पलीकडे."