भूल कुठली द्यायची?

...आणि वर मलाच म्हणतात, "काका, जरा शांत बसा!" अहो, शांत बसून कोणी तीस वर्षं बातमीदारी केलीय का? तुम्हाला सांगतो, जळगाव म्हणू नका, धुळं म्हणू नका, पाणी का आलं नाही, रस्ता कुठे गेला, हे मी भल्याभल्यांना तोंडावर विचारलंय. मग माझ्या बायकोला बेशुद्ध कशाने करणार, एवढंही विचारायचं नाही? मी आपलं फक्त विचारलं!

कमल माझी बायको. माहेर दोंडाईचा, वजन एकशे अठरा किलो. साखर वाढली, गुडघे बोलायला लागले, मेहरूण तलावाला फेरी मारायला न्यावं तर पहिल्याच बाकावर बसून म्हणणार, "तुम्ही या जाऊन, मी इथून बघते." शेवटी पोट लहान करायचं ऑपरेशन ठरलं. सर्जन म्हणाले, भुलेचं भूलतज्ज्ञ बघतील. आणि आल्या कोण? डॉक्टर ऋतिका! माझ्या स्कूटरपेक्षा वयाने लहान!

"दोन रस्ते आहेत काका. गॅसवर झोपवून ठेवायचं, नाहीतर नुसतं शिरेतून औषध चालू ठेवायचं."

"यातलं चांगलं कुठलं?"

"दोन्ही चांगले."

दोन्ही चांगले! अहो, हे असलं उत्तर मी तिकीट न मिळालेल्या उमेदवाराकडूनसुद्धा घेतलं नाही! "मग हिला कुठलं?" मी फक्त विचारलं! तर म्हणे, ते पेशंटवर ठरतं. आणि वळली कमलकडे. "मावशी, गाडी लागते का?"

आता ऑपरेशन पोटाचं आणि चौकशी एसटीची! कमल म्हणाली, "नाही बा." मी म्हटलं, काय नाही बा? धुळ्याला निघालो की एरंडोलच्या आत पिशवी काढावी लागते!

"झोपेत घोरता?"

"मी? छे! हे घोरतात."

झालं... आता काय सांगू तुम्हाला! अहो, हिच्या घोरण्याशिवाय माझा डोळा लागत नाही. पण ते घोरणं मध्येच थांबतं. अगदी थांबतं! मग मी कोपर मारतो, "दम ले वं!" की मोठ्ठा श्वास येतो आणि गाडी पुन्हा सुरू. सगळ्या जिल्ह्याच्या बातम्या छापल्या, ही तेवढी दाबली. तिच्या माहेरी घोरणारा जावई म्हणून माझंच नाव आहे, असू दे म्हटलं!

पण ती पोरगी माझ्याकडेच बघत राहिली. "काका, खरं सांगा. भूल उतरताना श्वास थांबला तर?"

सांगितलं. सगळं सांगितलं. कमलने माझ्याकडे असं बघितलं... "बठ्ठा गावले सांगी द्या आते!" सगळ्या गावाला सांगून टाका म्हणे!

डॉक्टर हसली नाही. म्हणाली, "मग शिरेतूनच देऊ, मळमळ कमी होईल. गुंगीची औषधं मोजकीच. आणि पूर्ण जाग्या होऊन, सांगितल्यावर माझा हात दाबल्याशिवाय श्वासाची नळी काढणार नाही."

"आणि नाही दाबला तर?"

मी फक्त विचारलं! तेव्हा म्हणाली, शांत बसा.

बसलो. दाराबाहेर. जो बाहेर येईल त्याला विचारायला तोंड उघडायचं, आणि विचारायचं काय, तर "चहा झाला का?"... मी! मग एकदम मलाच आत बोलावलं. नळी काढलेली, हात दाबून झालेला, पण कमल पुन्हा पुन्हा पेंगत होती. "मावशी, श्वास घ्या! कमलबाई!" मशीन आपलं टूं टूं... डॉक्टर म्हणाली, "काका, घरी कसं उठवता?"

सगळ्यांसमोर हो! हळूच कोपर लावलं. "दम ले वं..."

आला! मोठ्ठा श्वास! आणि डोळे न उघडता म्हणते काय, "मी घोरस नही."

सगळे हसले. मी चष्मा पुसत बसलो.

आता वजन उतरलंय, ती तलावाची अख्खी फेरी मारते, बाकावर मी बसतो. घोरणं तर पार बंद! आणि माझी झोपही. दुपारी ही जरा आडवी झाली, की मी हिच्या नाकाशी बोट धरून बसतो. परवा डोळे मिटूनच म्हणाली, "दम चालू शे. झोपा आते."

घ्या! आणि मी तर अजून विचारलंही नव्हतं!