बसलेली पाखरं

लेकाला पक्षी दाखवायला रंजिता नवेगाव बांधच्या बसमध्ये बसली होती. मागच्या सीटवर एक आजोबा आणि त्यांची नात बोलत होते.

"आबाजी, मागच्या खेपेस तुमी 'हाऽऽऽ' केलं अन् तलावावरची सारी पाखरं उडवली."

"धानावरची पाखरं हाकलण्यात जिंदगी गेली माही, रुची. पाखरू दिसलं का हाक निघतेच."

"आज काढाची नाही."

"मंग मले कायले नेऊन राहिली? घरीच बरा होतो."

"नाही. आज तुमाले पाखरं दाखवूनच आणीन."

"जलमभर पाहिली वं, पोरी."

"उडतानीच पाहिली ना? बसलेली कधी पाहिली?"

रंजितानं वळून पाहिलं. बस अजून स्टँडवरच होती आणि आजोबांनी दुपट्टा तोंडावर घट्ट बांधला होता.