आळशी म्हणजे आमचे बाबा

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "मुलीला घरी शिकवता? वा, मजा आहे तुमची!" मजा? अहो, कसली मजा! सात वर्षांच्या पोरीला 'हट्ट' या शब्दाचा अर्थ सांगून बघा एकदा! शब्दकोश उघडला, तर हट्ट म्हणजे आग्रह. बरं, आग्रह म्हणजे? पानं उलटली, तर आग्रह म्हणजे हट्ट! घ्या! पण हौसेला मोल नसतं म्हणतात ना!

तशी हौस तरी कसली, तुम्हाला सांगते, नाइलाज! शाळेत ही बया मिठाची गुळणी धरून बसायची. तिथल्या बाई म्हणाल्या, "हिला काही येतच नाही." येत नाही? घरी कान किटतात आमचे! शेवटी काढली शाळेतून. पण नियम असा, की वर्ष संपलं की तपासनीस बाई घरी येणार, प्रश्न विचारणार, आणि पोरगी बोलली नाही तर परत तीच शाळा, तोच बाक! तो बाक आठवला की मी पुन्हा पुस्तक उघडून बसायची हो.

मग मी एक युक्ती काढली. शब्दकोश ठेवला माळ्यावर, आणि प्रत्येक शब्दाला घरातलंच एक माणूस दिलं! घरात माणसं तीन, मी, हे आणि नणंदबाई... पण गुण काय एकेकाचे! शब्दाला तोटा नाही. पोरीच्या डोक्यात असे पक्के बसले शब्द, की मी आपली स्वतःवरच खूश. आता हेच शब्द परक्या माणसासमोर बाहेर पडणार, तेही सगळं घर समोर बसलेलं असताना, हे माझ्या ध्यानात यायला नको? नाही आलं! हौसेला मोल नसतं, ते हे असं!

आल्या तपासनीस बाई. चष्मा नाकाच्या टोकावर, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. "बाळ, आळशी म्हणजे काय?" पोरगी गप्प. माझा जीव टांगणीला... आणि एकदम सुटली!

"आळशी म्हणजे आमचे बाबा. रिमोट द्यायला मला गच्चीवरून खाली बोलावतात, आणि रिमोट त्यांच्याच मांडीखाली असतो."

ह्यांनी मांडी बदलली. खालून रिमोट निघाला!

"बरं. चोंबडेपणा म्हणजे?"

"शेजारी भांडण लागलं की आत्या वाळलेले कपडे परत वाळत घालते. ऐकायला."

नणंदबाई उठून आत गेल्या. मी म्हटलं, बस, आता थांबवा... पण थांबतात कुठल्या!

"आणि ढोंग?"

"काल तुमचा फोन आला ना, तेव्हा आई म्हणाली, या ना, या, आनंदच आहे! आणि ठेवल्यावर म्हणाली, ही अवदसा आत्ताच कुठून उपटली!"

तुम्हाला सांगते, धरणी दुभंगली असती तर मी रांगेत पहिली उभी राहिले असते! बाईंनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"अवदसा म्हणजे काय गं?"

"तो शब्द अजून झाला नाही आमचा," पोरगी म्हणाली. मग बाईंकडे नीट बघून, "आई, ह्यांना घेऊ का?"

आणि बाई हसल्या हो! अशा हसल्या, की ठसका लागला, ह्यांनी स्वतः उठून पाणी आणलं, स्वतः! जाताना म्हणाल्या, "हिला घरीच शिकवा. हिला बोलता येत नाही असं कोण म्हणालं?" दार लावलं आणि मी पोरीला पोटाशी धरून ढसाढसा रडले. सुटलो! तो बाक सुटला! मला ढोंगी म्हणाली तर म्हणू दे, पण परक्या माणसासमोर बोलली माझी पोर!

पण सुख कुठलं नशिबात? त्या दिवसापासून हे रिमोट स्वतः शोधतात. नणंदबाई ओलेच कपडे वाळत घालतात. मी फोनवर खरं बोलते, त्यामुळे फोनच येत नाहीत! आणि पोरगी काल म्हणते, "आई, घरात आता उदाहरणंच उरली नाहीत. पुढचे शब्द कसे शिकायचे?"

आहे उत्तर? हौसेला मोल नसतं! म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं... चार दिवस आमच्याकडे राहायला येता का कुणी? जेवणखाण आमचं. फक्त स्वभावाला औषध नसलेलं माणूस हवं... नाही, नाही, सगळे एकदम उठू नका!