आईकडचं रगात

सांगलीच्या दवाखान्यात शकुंतलाबाई रक्तदाब मोजायला थांबल्या होत्या. शेजारी जतचे नानासो आणि त्यांची थोरली बहीण रंगुबाई बोलत होते. शकुंतलाबाईंनी मोबाइल पिशवीत ठेवला आणि त्या ऐकत राहिल्या.

“आक्का, बीपी घराण्यात कसं उतरतं ते शोधायचंय म्हणून डॉक्टरीणबाईंनी माणसं इचारली, तवा मी नऊ नावं दिली. तू बेचाळीस जणांचं रगात तपासाया दिवून आलीस.”

“तू निस्ते बाप्ये सांगितलेस, नाना. बीपी आपल्या आईला हुतं. लेकी दिल्या घरी गेल्या म्हणून त्यांचं रगात बदललं व्हय?”

“लोणंदची धाकटी बहीण तर बारा वर्सं माझ्याशी बोलत न्हाई.”

“तिच्या दारात जाऊन बसले. म्हनलं, आपला दादा अडतिसाव्या वर्साला डोक्यात रगात फुटून गेला. तुझ्या पोरांसाठी तरी चल.”

“आली?”

“लेक आन् नातवंडं घिऊन आली. तिच्या लेकीचं बीपी आजच सापडलं. गोळी सुरू झाली.”

“डॉक्टरीणबाई म्हनत्यात, असं सबंध घराणं कुटं मिळत न्हाई. भिंतभर वंशावळ काढलीया.”

“बघितलीस? वर कुणाचं नाव हाय?”

“आईचं. आन् तिच्या खाली, माझ्या आदी, तुझं.”