सातव्या राउंडचे शेंगदाणे

...आणि वर मलाच म्हणतो, "मास्तर, एका दाण्यावरून एवढं?" एका दाण्यावरून! तुम्हाला सांगतो, प्रश्न दाण्याचा नव्हताच. प्रश्न सातव्या राउंडचा होता, आणि सातवा राउंड निळ्या चड्डीवाल्याचा होता, हे मी आजही काळारामासमोर हात जोडून सांगेन. पण बोलायचं कोणाशी? पंचवटीपासून पार सातपूरपर्यंत अख्ख्या नाशकात व्यावसायिक मुष्टियुद्ध मन लावून पाहणारी माणसं किती? माझ्या माहितीत दोन. एक मी आणि दुसरा हा धनराज. आणि मध्यंतरी त्या दोघांचंच एकमेकांशी बोलणं बंद!

हसू नका. मी मुळात मितभाषी मनुष्य. संस्कृत शिकवण्यात हयात गेली, पण वर्गात गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोललो नाही. उरलेलं काम डोळे वटारून भागायचं. आता निवृत्त झालो, डोळे वटारायला कोणी उरलं नाही, आणि नेमकं आता बोलण्यासारखं इतकं साठलं आहे की... पण बोलायचं कोणाशी?

सोसायटीत विषय काढून पाहिला. "मुष्टियुद्ध? म्हणजे ते लांब केसवाले, एकमेकांच्या डोक्यात खुर्ची घालतात ते?" ते नव्हे हो! ते नाटक! "मग ऑलिंपिकमधलं?" तेही नव्हे! ते तीन राउंडांचं, हौशी. हे व्यावसायिक, बारा राउंडांचं! "म्हणजे पैसे घेऊन मार खातात?" आणि मग ती नजर, संध्या करणाऱ्या माणसाच्या पिशवीत कोंबडी सापडावी तशी. "सर, तुम्हीसुद्धा?"

मीसुद्धा! का नसावं? धर्मयुद्ध म्हणतात ते आज जगात कुठे उरलं आहे, सांगा! फक्त त्या दोरांच्या चौकोनात. वजन करून बरोबरीच्याला बरोबरीच्यासमोर उभं करतात. कमरेखाली मारायचं नाही, मानेमागे मारायचं नाही, पडलेल्यावर हात उचलायचा नाही, आणि घंटा वाजली की थांबायचं. घंटा वाजली की थांबणारा एक माणूस मला आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दाखवा, मी त्याचे पाय धुतो! आणि शेवटी ते दोघे, डोळे सुजलेले, ओठ फाटलेले, एकमेकांच्या गळ्यात पडतात... त्या क्षणी, तुम्हाला सांगतो, मला काकड आरतीला उभं राहिल्यासारखं वाटतं.

तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ. म्हणजे पूजा आटोपायची आणि टीव्हीसमोर बसायचं. आमची वत्सला रविवारी भजनी मंडळात जाते. जाता जाता दारातून, "अहो, सोवळं नेसून ते उघडेबंब बाप्ये बघता, देव काय म्हणत असेल!" मी म्हटलं, मारुती काय शेरवानी घालून उभा आहे? तेव्हापासून ती त्या विषयावर बोलत नाही. मीच तिला निरुत्तर केलं... आणि मीच एकटा पडलो.

तर धनराज. येवल्याचा. नाशकात पैठणीचं दुकान. वत्सलाला साडी घ्यायची होती म्हणून गेलो, आणि पाहतो तर हा गृहस्थ एका हाताने पदर उलगडून दाखवतोय आणि गल्ल्याआड मोबाइल उभा करून चोरून लढत बघतोय! मी वाकून पाहिलं. न राहवून तोंडून गेलं, "डावा हात खाली ठेवतोय. मार खाणार." हातातली पैठणी तशीच अर्धी लोंबकळत ठेवून त्याने मान वर केली. "मास्तर... तुम्ही बघता?" "पाहतो." "पूर्ण बघता? बारा?" "बारा." अहो, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं! त्या दिवशी वत्सलाने दुकानातल्या सगळ्या साड्या खाली काढल्या, तरी मी एकदाही 'चला' म्हटलं नाही. ती अजून ते सणावारी सगळ्यांना सांगते. कारण मात्र तिला ठाऊक नाही.

मग दर रविवारी धनराज माझ्याकडे. दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर वाट्या. निकालाची पद्धत मी बसवली होती. राउंड संपला की तो ज्याने जिंकला त्याच्या वाटीत एक शेंगदाणा टाकायचा. माझ्या दोन वाट्या, धनराजच्या दोन. लाल कोपऱ्याची एक, निळ्याची एक. पंच निकाल जाहीर करायच्या आत आपला न्याय तयार! स्वच्छ, पारदर्शक, निःपक्षपाती! पण दाणे वत्सलाच्या हातचे होते. भाजलेले, खारवलेले. आणि धनराज रंगात आला की त्याला समोर काय आहे याची शुद्ध नसते.

त्या दिवशी लढत अटीतटीची. बारा राउंड संपले. मी माझे दाणे मोजले. लालचे पाच, निळ्याचे सात, एकूण बारा. धनराजच्या वाट्यांत पाहतो तर दोन्ही मिळून नऊ!

"धनराज, बारा राउंडांचे नऊ दाणे?"

"असंल की."

"असेल कसं? सातवा राउंड तुम्ही कोणाला दिलात?"

"लालला. लय भारी मारला त्यानं."

"लालच्या वाटीत सातवा दाणा नाही."

"मंग खाल्ला असंल!"

खाल्ला असेल! "धनराज, पंचाने निकाल खायचा?" "आवो, निकाल नाय मास्तर, दाना!" आणि तेवढ्यात तिकडच्या पंचांनी लालला विजयी केलं, आणि हा माझ्या सोफ्यावर उभा राहून नाचला! सातवा राउंड निळ्याचा असताना! मी शांतपणे उठलो. म्हटलं, "जो मनुष्य आपला न्याय चघळतो, त्याच्या शेजारी मी बसत नाही." तो सोफ्यावरून उतरला. चपला घातल्या. जिन्यातून म्हणाला, "मंग बसा एकटे."

बसलो की! तत्त्वाचा प्रश्न होता, बसलो. पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. लढती होत होत्या, मी पाहत होतो, एकाच्या दोन वाट्या मांडून. आणि मग एका रविवारी एक नॉकआउट झाला, एका ठोशात लढत खलास. असा नॉकआउट आयुष्यात एकदा पाहायला मिळतो. मी किंचाळून उठलो, उजवीकडे वळलो, "पाहिलंत?" म्हणून... उजवीकडे रिकामी खुर्ची. काय करू? बोलायचं कोणाशी? तसाच सोवळ्यात बाहेर जिन्यात आलो. समोरच्या कमळाबाई दार उघडून, "सर, काय झालं? कोणी पडलं का?"

"पडला!"

"अगं बाई! कोण?"

"मेक्सिकोचा! बरगड्यांखाली डावा ठोसा, थेट यकृतावर!"

"अहो, मग डॉक्टरांना बोलावलं का?"

"डॉक्टर रिंगपाशीच असतात!"

कमळाबाईंनी मला हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि वत्सलाला फोन केला, "यांना काहीतरी होतंय, लवकर या." अर्धा अभंग तसाच सोडून अख्खं भजनी मंडळ टाळांसकट माझ्या हॉलमध्ये! आणि टीव्हीवर तो ठोसा पुन्हा पुन्हा, संथ गतीने. बाया बघताहेत. एक म्हणाली, "लागलं असेल हो त्याला." इतक्या महिन्यांत त्या विषयावर कोणी माझ्याशी बोललेलं ते एवढंच वाक्य.

मग बातमी आली. त्याच लाल-निळ्याची फेरलढत! संक्रांतीनंतरच्या रविवारी! आता सांगा, ही लढत एकट्याने पाहायची? एकवेळ गणपतीचं विसर्जन एकट्याने करीन!

संक्रांतीला धनराज येवल्यात असतो हे ठाऊक होतं. येवलेकर त्या दिवसांत दुसरीकडे कुठे असूच शकत नाही. सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर. तिळगुळाचा डबा घेतला आणि एसटीत बसलो. वाटेत एक वाक्य रचलं, "धनराज, न्याय मोठा खरा, परंतु स्नेह त्याहून..." पुढे क्रियापद बसत नव्हतं. येवला येईपर्यंत बसलं नाही.

गच्चीवर हे रण! कर्णे, ताशासारखी कडकडणारी हलकडी, आरोळ्या. धनराज काळा गॉगल लावून उभा, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, अगदी लढतीआधी गुंडाळतात तशा, आणि मागे भाचा त्याची आसारी, म्हणजे मांजाची लाकडी फिरकी, धरून. मी पुढे झालो. "तिळगूळ घ्या." त्याने आभाळातून नजर काढली नाही. "हात मोकळा नाय, मास्तर. तोंडात टाका!"

आता पाहा. मी, ज्याने उभ्या हयातीत स्वतःच्या मुलालाही घास भरवला नाही, तो मी परगावच्या गच्चीवर एका साठीच्या बाप्याला तिळगूळ भरवतोय. भरवला. मग म्हटलं, "तो सातवा राउंड..."

"आज गोड बोलायचं, मास्तर. सातवा किंक्रांत झाल्यावर काढू." आणि एवढं बोलायला माझ्याकडे वळला तोच त्याचा पतंग कापला गेला. मी म्हटलं, "रविवारी येताय ना? फेरलढत आहे."

त्याने गॉगल काढला. "नाय जमायचं. दुकान पोराच्या हाती दिलं. मी आता हितंच. आई अंथरुणाला खिळली. तिला टाकून कुठं जायचं?" मातृसेवेपुढे मुष्टियुद्ध काय! मी तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावू लागलो. तोच म्हणाला, "फोन लावून ठिवू की. तुम्ही तिकडं बघा, मी हिकडं."

रविवारी फोन लावला. शेजारच्या खुर्चीत तक्क्याला टेकवून उभा केला. पहिली घंटा. फोनमधून, "वा! वा! काय हाणला!" आणि माझ्या टीव्हीवर दोघे नुसते गोल फिरताहेत. मला वाटलं, हा दुसरंच काही बघतोय. आणि थोड्या वेळाने बसला की तो ठोसा! तेव्हा उलगडा झाला. त्याच्याकडे चित्र आधी पोहोचतं, माझ्याकडे मागाहून.

नवव्या राउंडच्या वेळी फोन गर्जला, "गेला! गेला! निळा पडला, मास्तर!" आणि माझ्यासमोर नववा अजून सुरूच व्हायचाय, निळा कोपऱ्यात बसलाय, पाणी पितोय, छातीवर क्रूस काढतोय, गुरूचं ऐकून शहाण्या मुलासारखी मान हलवतोय. त्याला माहीत नाही. मला माहीत आहे. तुम्हाला सांगतो, सगळं आधीच ठाऊक असणं ही किती भयंकर गोष्ट आहे! त्या दिवशी मला पहिल्यांदा देवाची दया आली.

"मास्तर! दिसलं का? आवो, बोला की!"

सांगायला हवं होतं की मला अजून दिसायचंय. सत्य तेच होतं. पण मी धनराजला ओळखतो. त्याला हे कळलं असतं तर तो भला माणूस दर ठोशाला तोंड दाबून बसला असता, मला दिसेपर्यंत. आणि शेजारच्या खुर्चीतून आवाज न येणं म्हणजे काय, ते मी पावसाळ्यापासून ऐकत होतो.

"पाहिलं! पाहिलं!" मी ओरडलो. "काय पडला हो!" आणि निळा माझ्यासमोर, ताठ, हसत, घंटेची वाट पाहत उभा.

तेव्हापासून हे असंच चाललंय. उभ्या जन्मात खोटं न बोललेला मी, आता लढत असली की बारा-बारा राउंड खोटं बोलतो आणि संध्याकाळी देवापुढे नाक घासतो. मागणंही आता एकच राहिलंय. लाल जिंको, निळा जिंको, मला कोणाचं काही नाही. फक्त पहिल्या-दुसऱ्या राउंडातच नॉकआउट होऊ दे रे बाबा... तेवढंच पाप कमी!