ब्रेकर म्हणजे ब्रेकर!

...आणि वर मलाच विचारतो, "दाजी, एवढं चिडायला काय झालं?" काय झालं? अहो, भिंतीवरचा ब्रेकरचा डबा मेणासारखा वितळून फरशीवर ठिबकतोय, आतून चर्र चर्र आवाज येतोय, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास, आणि हा विचारतोय काय झालं! तुम्हाला सांगतो, मेहुणा इलेक्ट्रिशियन असू नये. पाद्री असावा, न्हावी असावा, अगदी बेकार असला तरी चालेल, पण इलेक्ट्रिशियन... नको.

आमचा एफ्राईन. माझ्या मिग्दालियाचा धाकटा भाऊ. आमच्या उतुआदो गावातल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्याच्या हातचं, तीस वर्षांत कुठे ठिणगी उडाली नाही असं तो सांगतो, आणि खोटं नाही सांगत. तीच तर पंचाईत! ज्याला काही येत नाही त्याला चार गोष्टी सांगता येतात. ज्याला येतं त्याला काय सांगणार?

आता घरावर सोलर कशाला बसवलं, म्हणाल. फ्रीझरसाठी! आमच्या डोंगरात लाईट येते ती पाहुण्यासारखी, टेकते न टेकते तोच निघते. आणि फ्रीझरमध्ये होते मिग्दालियाचे पास्तेल. कच्ची केळी किसून, आत डुकराचं मटण भरून, केळीच्या पानात गुंडाळून, दोन-दोनच्या जोड्या सुतळीने बांधलेल्या. नाताळासाठी केले होते तिने, ऑक्टोबरात. नोव्हेंबरात ती गेली. नाताळात ते बाहेर काढायचा विषय कुणी काढला नाही, मग जानेवारीतल्या थ्री किंग्जच्या सणाला नाही, मग ईस्टरलाही नाही. एफ्राईन एकदा म्हणाला, "दाजी, खायचे आहेत की पुजायचेत?" मी म्हटलं, तू तुझं काम कर.

त्याने काम केलं! छपरावर पॅनेल, खाली बॅटरी, आणि मधल्या वायरीवर करंट तोडायचा एक ब्रेकर... कुठला? कुणाच्या तरी जुन्या घराच्या बोर्डातून काढलेला, गाडीत पडून असलेला! समोरच्या चढावरची नेरेइदा, सोलरचं काम रीतसर शिकून आलेली पोरगी, कुंपणावरून म्हणाली, "एफ्राईनमामा, हा घरातल्या लाइनीचा आहे, पॅनेलला डीसीचा लागतो." हा हसला. "पोरी, तू रांगत होतीस तेव्हापासून मी ब्रेकर बसवतोय. ब्रेकर म्हणजे ब्रेकर!"

आणि चालला हो! चार महिने चालला. का नाही चालणार? चालू ठेवायला ब्रेकर कशाला लागतो? तो बंद करायला लागतो! आणि बंद कुणी केलाच नव्हता.

ऑगस्टात, भर दुपारी, बाराचं ऊन, गावाची लाईट आदल्या दिवसापासून गेलेली, आणि याला लहर आली पॅनेल धुवायची. बंद करून धुतो म्हणाला, सुरक्षितपणे! "बघा दाजी, असा नुसता खाली ओढायचा"... आणि ओढला. दांडा आला खाली, पण करंट काही थांबेना. डब्यात निळी जीभ. चर्र! एफ्राईन पुन्हा वर-खाली, वर-खाली... चर्र! समोरून नेरेइदा ओरडली, "हात लावू नका! पाणी मारू नका! पॅनेल झाका, ताडपत्री टाका!"

ताडपत्री! आता ताडपत्री माझ्याकडे नसेल तर कुणाकडे? मोठ्या वादळानंतर अकरा महिने तेच तर आमचं छप्पर होतं, निळं. मिग्दालियाने धुऊन, घडी करून ठेवलेलं. "टाकू नकोस हेनारो, लागेल." वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी शिडीवर चढलो, तुम्हाला सांगतो, ताडपत्री पसरली, ऊन तुटलं, तेव्हा कुठे तो चर्र थांबला. सूर्याला बटण नाही हो!

नेरेइदाने मग बसवून समजावलं. "काका, घरातल्या लाइनीचा करंट सेकंदाला एकशेवीस वेळा आपला आपण शून्यावर येतो, दम घेतो. तेवढ्यात ब्रेकर त्याला तोडतो. पॅनेलचा करंट दम घेतच नाही, एकसारखा वाहतो. त्याला तोडायला ब्रेकर वेगळा." मला लगेच कळलं. मिग्दालिया माझ्याबद्दल हेच म्हणायची, तू बोलायला लागलास की मध्ये तोडायला जागाच ठेवत नाहीस. एफ्राईन मात्र काळ्या डब्याकडे बघत पुटपुटला, "तरी... ब्रेकर म्हणजे..." पुढचं गिळलं.

नवा ब्रेकर बोटीने येणार, आठवडा लागणार. आमच्या बेटावर सगळंच बोटीने येतं. बॅटरी संध्याकाळीच संपली, गावाची लाईटही काही येईना. बर्फ कुठे मिळेना, नेरेइदाचा सोलरवरचा छोटा फ्रिज वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या इन्सुलिनने भरलेला, तिथे काय मागणार? तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटायला लागलं, तसं मी मोठं पातेलं गॅसवर ठेवलं.

सगळे उकडले. अर्धी वस्ती जेवली. एफ्राईन माझ्यासमोर बसला होता. मिग्दालियाच्या पास्तेलमध्ये मीठ कमीच असायचं, माझ्या ब्लडप्रेशरमुळे, आणि हा दर वर्षी ओरडायचा, "ताई, मीठ विसरलीस!" या वेळी त्याने मिठाची बाटली उचलली. हातात धरून बसला. मग तशीच खाली ठेवली आणि पान पुसून खाल्लं.

ब्रेकर आला. त्यावर अधिक-उण्याच्या खुणा, आणि याने वायरी जोडल्या उलट्या! "खुणा असतात गं अशाच, ब्रेकर म्हणजे..." नेरेइदाने खुणेवर बोट ठेवलं. याने सगळ्या वायरी सोडवल्या, पुन्हा जोडल्या. उलटा बसवला असता तर तोही जळला असता म्हणे. आता सगळं कसं नामी! भर उन्हात ओढा, टक्क, बंद. टक्क, चालू. फ्रीझर रात्रंदिवस घुमतोय. आत काही नाही.

परवा एफ्राईन आला, हातात पिशवी. पास्तेल! रस्त्याकडेच्या दुकानातले, सुतळीच्या जागी रबर. मी म्हटलं, "हे काय?"

"फ्रीझर काय रिकामा चालवणार? ठेवा आत."

"अरे, पण हे विकतचे..."

माझ्याकडे न बघता म्हणतो, "दाजी... पास्तेल म्हणजे पास्तेल."

ठेवले. काय करणार? माझी बायको, तशी त्याची बहीण होती ती. एक उकडून खाऊनही बघितला. मीठ अगदी बरोबर होतं, तिच्यासारखं कमी नाही. तक्रार करायला, तुम्हाला सांगतो, जागाच ठेवली नाही.